रीफ टँकमधला जोराचा प्रवाह आणि जागा सोडणारी वाळू: चार फुटी टाकीची मांडणी

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळू उडायला लागली की बहुतेक जण पहिल्यांदा वेव्हमेकरचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) वेग कमी करतात. वाळू बसते, पण महिन्या-दोन महिन्यांत दगडांमागे गाळ साचतो, तळावर लाल-तपकिरी थर धरतो आणि वरच्या कोरलच्या फांद्यांच्या बेचक्यात घाण अडकायला लागते. वेग कमी करणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी पाण्याची दिशा, पंपाची उंची आणि वाळूचा कण या तीन गोष्टी पाहायच्या, आणि याच क्रमाने.

कोरल जागचं हलत नाही. खाणं त्याच्याकडे पाण्यानेच यायचं, टाकाऊ चिकटा पाण्यानेच वाहून जायचा, आणि त्याच्या अंगालगत जो पाण्याचा पातळ थर स्थिर राहतो तो पाणी जोरात वाहिलं तरच पातळ होतो. तो थर जाड राहिला की वायूंची देवाणघेवाण मंदावते. म्हणून वाळूसाठी प्रवाहाचा बळी देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. दोन्ही सांभाळता येतं.

आधी हिशेब

पुढचं सगळं ४ × २ × २ फुटांच्या, म्हणजे १२० × ६० × ६० सेंमी टाकीसाठी लिहिलं आहे. मऊ कोरल, एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) आणि थोडे एसपीएस (बारीक पॉलिपचे कठीण कोरल) अशी मिश्र वस्ती धरली आहे. कागदावर ही टाकी ४३२ लिटरची. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण ३५० लिटर उरतं. हिशेब या ३५० वर करा.

मऊ कोरल, झोअँथिड आणि बहुतेक एलपीएस यांना ताशी १५ ते २० पट पाणी फिरलं तरी भागतं, म्हणजे ५ ते ७ हजार लिटर. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा असे एसपीएस असतील तर ३० ते ५० पट लागतं, म्हणजे साडेदहा ते साडेसतरा हजार. संपमधून (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतून) वर येणारा रिटर्नचा प्रवाह यात धरू नका. तो ताशी ३ ते ५ पट असला तरी पुरतो, आणि त्याचं काम वेगळं आहे.

ताशी ८ हजार लिटरचे दोन वेव्हमेकर या टाकीला योग्य. पूर्ण वेगाने ते ४५ पटींच्या आसपास जातात, पण रोज ५० ते ६० टक्क्यांवर चालतील. एकच १६ हजारांचा पंप घेतला तर आकडा तोच येतो आणि वाळूची मात्र वाट लागते, कारण सगळा जोर एकाच रेषेत जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. खोक्यावर लिटर छापलेले असतात, वेग छापलेला नसतो. तेच ८ हजार लिटर अरुंद तोंडातून बाहेर पडले तर वेगवान, बारीक झोत तयार होतो. रुंद जाळीच्या तोंडातून पडले तर पसरट, संथ लोट येतो. कोरलला भरपूर पाणी हवं असतं. वाळू मात्र वेगाने उचलली जाते. तळावर बसणारा ओढा, म्हणजे वाळू खेचणारा जोर, साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग निम्मा केला की ओढा चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून पंप घेताना रुंद तोंडाचा, पंख्याच्या पात्यांचा घ्या. रिटर्नच्या नळीलाही गोल नॉझलऐवजी चपटं, पसरट नॉझल लावा.

तळ काय सांगतो ते वाचा

वाळू जिथे उडते तिथे दोष नसतो. झोत काचेवर, दगडावर किंवा समोरून येणाऱ्या दुसऱ्या झोतावर आपटतो आणि खाली वळतो. त्या वळणाच्या टोकाला खड्डा पडतो. त्यामुळे खड्ड्याची जागा पाहून कारण ओळखता येतं.

पंपासमोरच्या काचेच्या पायथ्याशी खड्डा असेल तर झोत काचेवर सरळ आपटतो आहे. पंप समोरच्या काचेच्या मधोमध न रोखता वरच्या कोपऱ्याकडे तिरका करा, म्हणजे पाणी काचेला घासत पसरेल आणि खाली येईपर्यंत त्याचा जोर गेलेला असेल.

टाकीच्या मधोमध गोल खड्डा दिसला तर दोन पंप एकमेकांच्या तोंडावर आहेत. दोन झोत भिडले की पाण्याला वर आणि खाली अशा दोनच वाटा उरतात. एक पंप दुसऱ्यापेक्षा ८ ते १० सेंमी खाली घ्या, किंवा एक पुढच्या काचेकडे आणि दुसरा मागच्या काचेकडे १५ ते २० अंश वळवा. हा बदल फुकटात होतो आणि सगळ्यात जास्त फरक पाडतो.

पुढच्या काचेलगत लांबलचक चर पडणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि हिचं कारण बहुतेकदा पंपात नसून दगडांच्या रचनेत असतं. मागच्या काचेला टेकवून दगडांची सलग भिंत उभी केली की परतीच्या पाण्याला पुढच्या अरुंद पट्ट्यातूनच जावं लागतं. अरुंद वाटेत वेग वाढतो. दगड मागच्या काचेपासून किमान १० सेंमी आणि पुढच्या काचेपासून १५ सेंमी लांब ठेवा, भिंतीचे दोन-तीन डोंगर करा आणि मधून पाण्याला आरपार वाट ठेवा. मागे सायफनची नळी आणि हात जाईल एवढी जागा असणं पुढे साफसफाईलाही उपयोगी पडतं.

दगडाच्या बुडाशी अर्धगोल खड्डा असेल तर तिथे पुलाच्या खांबाच्या पायथ्याशी नदी जे करते तेच चाललं आहे: अडथळ्याला वळसा घालताना पाण्याचा वेग वाढतो आणि ते खाली खोदतं. १ ते ३ सेंमीचे दगडाचे तुकडे त्या पायथ्याशी पसरले की खोदकाम थांबतं. मात्र हा खड्डा हलक्यात घेऊ नका. दगड वाळूवर ठेवलेला असेल तर बुडाखालची वाळू निघून तो कलंडतो आणि थेट काचेवर येतो. दगड नेहमी तळकाचेवर किंवा एगक्रेटच्या (चौकोनी भोकांच्या प्लास्टिकच्या) जाळीवर आधी बसवायचे आणि वाळू नंतर त्यांच्याभोवती ओतायची.

जायर पद्धतीच्या पंपाचं वागणं वेगळं असतं. तो पाण्याचा रुंद पट्टा पृष्ठभागालगत पाठवतो, पट्टा समोरच्या काचेवरून खाली उतरतो आणि तळालगत पंपाच्या दिशेने परत येतो. म्हणून वाळू लांबच्या टोकाकडून निघते आणि पंपाखाली ढीग होतो. दर सहा तासांनी पंपाची दिशा उलटी करण्याची सोय असेल तर ती वापरा; नसेल तर दोन टोकांना दोन पंप लावून आळीपाळीने चालवा.

दिशा आणि वेग बसवण्याची पद्धत

हे काम घाईने एका संध्याकाळी उरकायचं नाही. चार-पाच दिवस लागतात.

पहिल्या दिवशी सगळे पंप बंद करा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने वाळू सपाट करून घ्या. मग काचेच्या बाहेरून, वाळूच्या पातळीवर, मार्करने आडव्या रेघा ओढा: चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर. या रेघा नसतील तर वाळू खरंच सरकते आहे की तसं वाटतं आहे हे कळत नाही. दिवसाला अर्धा सेंमी सरकणारी वाळू नुसत्या डोळ्याला दिसत नाही, रेघेवर लगेच दिसते.

दोन्ही पंप वरच्या तिसऱ्या भागात बसवा, तोंड पाण्याच्या पातळीखाली ८ ते १० सेंमी. याहून वर घेतले तर भोवरा होऊन हवा खेचली जाते आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात. तोंड १० ते १५ अंश वर करा. पृष्ठभाग सतत लहरत राहिला पाहिजे, ऑक्सिजन तिथूनच येतो.

आता फक्त डावा पंप ३० टक्क्यांवर चालू करा. पाण्याची वाट पाहायला गोठवलेली आर्टेमिया (माशांना घालायची बारीक कोळंबी) उपयोगी पडते. एक क्यूब वितळवून गाळून घ्या, टँकच्या पाण्यात कालवा आणि मोठ्या ड्रॉपरने पंपाच्या तोंडासमोर सोडा. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. कण कुठे आपटतात, कुठे खाली वळतात आणि कुठे थबकून गोल फिरत राहतात ते स्पष्ट दिसतं. थबकण्याची जागा म्हणजे उद्याचा गाळाचा ढीग. पंपाची दिशा तिथल्या तिथे बदला. मासे दाणे खाऊन टाकतात, तेव्हा हे काम त्यांचं पोट भरल्यावर केलेलं बरं.

२४ तासांनी रेघा तपासा. मग डावा बंद, उजवा चालू, पुन्हा २४ तास. मग दोन्ही. दोन्ही मिळून वाळू स्थिर असेल तर दर दोन दिवसांनी १० टक्के वाढवत न्या. ज्या टप्प्यावर रेघेपासून वाळू एक सेंमीपेक्षा जास्त सरकते तिथे थांबा आणि वेग कमी करण्याआधी पुन्हा दिशा पाहा. दिशा बदलूनही थांबत नसेल तरच ५-१० टक्के खाली या.

एकसारखा स्थिर वेग टाळा. पंप ४० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान आपोआप वर-खाली होत राहील अशी पद्धत निवडली तर सरासरी प्रवाह तितकाच राहतो, पण एकाच जागी तासन्‌तास ओढा बसत नाही. दोन्ही पंपांना उलटसुलट लयीत लावा, एक जोरात तर दुसरा मंद, आणि दर सहा तासांनी अदलाबदल. एका बाजूला गेलेली वाळू पुढच्या पाळीत बरीचशी परत येते. पृष्ठभागावर उभी लाट उठवणारी लय मात्र जपून वापरा. लाट एक सेंमीच्या वर गेली की टाकीच्या सांध्यांवर आणि स्टँडवर सतत हेलकाव्याचा भार येतो. तळावर त्या लाटेच्या बारीक आडव्या वळ्या उठतात. त्या नैसर्गिक आहेत, काढत बसू नका.

कोणती वाळू, किती

शुगर साइझ म्हणून मिळणारी बारीक अ‍ॅरॅगोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू (कण साधारण ०.२ ते १ मिमी) दिसायला सुंदर असते, पण ३० पटींच्या वरच्या प्रवाहात ती टिकत नाही. १ ते २ मिमीचा कण हा मधला मार्ग आहे: पुरेसा जड, आणि त्यात घाणही फार शिरत नाही. ढोबळ चाचणी हवी असेल तर वाळू चहाच्या गाळणीवर चाळा. खाली पडते ती उडणारी, वर राहते ती टिकणारी. ३ ते ५ मिमीचा चुरा मुळीच उडत नाही, पण त्याच्या फटींत अन्नाचे कण आणि विष्ठा उतरून कुजते आणि नायट्रेट चढत जातं. सबंध तळाला तो घालू नका. जिथे खड्डा पडतोच पडतो तेवढ्या जागेवर मात्र एक-दोन सेंमीचा थर द्या आणि दर पाणीबदलाला तो भाग सायफनने उपसा.

थर ३ सेंमीचा. १२० × ६० सेंमी तळाला त्यासाठी सुमारे २२ लिटर वाळू लागते. कोरडी अ‍ॅरॅगोनाइट लिटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे ३० किलो. कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून धुवा आणि शेवटचं पाणी आरओचं घ्या. ओली, जिवाणूंसह मिळणारी लाइव्ह सँड नळाच्या पाण्याने धुवायची नाही, क्लोरीनने तिच्यातले जिवाणू मरतात.

नवी वाळू पहिले चार-सहा आठवडे जास्त सरकते. पुढे कणांवर जिवाणूंचा चिकट थर धरतो आणि तळ आपोआप बांधला जातो. म्हणून नव्या टाकीत सुरुवातीला वेग कमी ठेवायचा आणि तळ उगाच ढवळायचा नाही.

कोकणातल्या किनाऱ्यावरून वाळू उचलून आणण्याचा मोह टाळा. तिच्यात सिलिका, शंखशिंपल्यांचा चुरा, गाळ आणि काळी जड खनिजं मिसळलेली असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइट या काळ्या खनिजाचे पट्टेच दिसतात. चुंबकाकडे ओढले जाणारे काळे कण वेव्हमेकरच्या आणि काच पुसायच्या मॅग्नेटवर जाऊन बसतात आणि शाफ्ट व काच दोन्ही ओरखडतात. शिवाय कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही आणू नका.

चालू टाकीत वाळू घालणं आणि काढणं

वाळू वरून ओतली तर पाणी दोन दिवस दुधाळ राहतं आणि कोरलवर थर बसतो. दीड इंची पीव्हीसी पाइपचा पाऊण मीटर तुकडा घ्या. सगळे पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा, हवेचा दगड मात्र चालू राहू द्या. पाइपचं खालचं टोक तळापासून एक सेंमीवर धरून धुतलेली वाळू कपाने आत सोडा आणि पाइप हळूहळू पुढे सरकवा. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त नाही. अर्धा-पाऊण तास थांबा, मग पंप २० टक्क्यांवर सुरू करून तासाभरात रोजच्या वेगावर आणा. एकदम खूप नवी अ‍ॅरॅगोनाइट घालू नये याला आणखी एक कारण आहे: ती पाण्यातला फॉस्फेट शोषते. तो अचानक शून्यावर आला की डायनोफ्लॅजेलेट (चिकट थर धरणारे सूक्ष्मजीव) उसळायची भीती असते.

काढताना उलट सावधगिरी. वर्षापेक्षा जुना, ५-६ सेंमीहून जाड थर असेल तर खाली ऑक्सिजन नसतो. काळे डाग आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो ढवळू नका. १६ मिमीच्या नळीने वाळू थेट बाहेर खेचा, एका पाणीबदलात तळाचा चौथा हिस्सा, आणि पुढचा हिस्सा पंधरा दिवसांनी. निघालेली वाळू परत आत टाकू नका.

तळहाताएवढी काच उघडी पडली आणि आठवडाभर तेवढीच राहिली, तर ती तशीच सोडा. दर दोन दिवसांनी हाताने भरत बसलात तर तळ कधीच बांधला जाणार नाही.

वाळू उडवणारे आणि वाळूने त्रासणारे

कधी कधी पंप निर्दोष असतो. डायमंड गोबी आणि तिच्या जातीचे इतर मासे तोंडात वाळू भरून टाकीच्या मध्यावरून गिलांतून सोडतात आणि ती खालच्या कोरलवर पडते. पिस्तूल कोळंबी दगडाखाली बोगदे खणते. वेगळा खड्डा, शेजारी ढिगारा आणि प्रत्येक वेळी नवी जागा दिसली तर प्राण्याचं काम समजा. हॅलिकोरेस जातीचे रास मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. त्यांना निदान ५ सेंमी बारीक वाळू लागते, तेव्हा अशा माशासाठी दगडांमागच्या शांत कोपऱ्यात उभ्या काठाचा डबा भरून ठेवा.

ट्रॅकिफिलिया, स्कोलिमिया असे वाळूवर बसणारे कोरल कमी प्रवाहाच्या पट्ट्यात ठेवा, आणि थेट वाळूवर न ठेवता २-३ सेंमी उंच सपाट दगडावर. अंगावर पडलेली वाळू ते स्वतः फुगून झटकतात, पण रोजच पडत राहिली तर कडेचं मांस मागे हटतं आणि सांगाडा उघडा पडतो. मोठ्या ड्रॉपरने बाजूने, तिरका, हलका फवारा द्या. वरून सरळ जोराचा फवारा दिला तर कण मांसात रुततात. टॉर्च, हॅमर या युफिलिया जातीच्या कोरलच्या शुंडा सतत एकाच दिशेला वाकलेल्या दिसल्या तर तिथे झोत थेट येतो आहे. त्या हेलकावत राहायला हव्यात. अ‍ॅनिमोन असेल तर प्रत्येक पंपाला जाळीचं कव्हर हवंच. चालता अ‍ॅनिमोन पंपात गेला तर टाकी एका रात्रीत संपते.

वीज आणि देखभाल

वीज जाऊन आली की काही पंप शंभर टक्क्यांवर उठतात आणि क्षणात तळाला खड्डा पाडतात. मांडणी पूर्ण झाल्यावर मुद्दाम प्लग काढून पुन्हा लावून पाहा. जुनी वेगमर्यादा लक्षात ठेवणारा आणि हळूहळू वेग घेणारा कंट्रोलर हवा. एक डीसी वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर ठेवा. ३० टक्क्यांवर तो १०-१५ वॉटच खातो आणि ऑक्सिजनची सोय होते. एसी पंप असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच लागतो, नाहीतर पंप गुणगुणतो आणि तापतो.

बारीक वाळू पात्यात गेली की आधी आवाज बदलतो, मग प्रवाह पडतो. दर दोन महिन्यांनी पंप सुटा करा, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवा, टूथब्रशने शाफ्ट आणि पात्याची पोकळी घासा, साध्या पाण्याने धुवा. चुना निघाला की तोच पंप त्याच आकड्यावर जास्त जोराने चालतो. म्हणून साफ केलेला पंप १० टक्के कमी ठेवून परत लावा आणि रेघा पुन्हा तपासा. काच पुसायचा मॅग्नेट वाळूच्या ओळीपर्यंत नेऊ नका. खालचा चार सेंमी पट्टा प्लास्टिक कार्डानेच पुसा. फेल्टमध्ये अडकलेला एक कण पूर्ण काचेवर आडवी चीर ओढतो.

तळ मोकळा कधी ठेवावा

टाकी जवळपास सगळी एसपीएसची असेल आणि ५० पटींच्या वर जायचं असेल तर वाळूचा नाद सोडा. तळाला पांढरा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) शीट नेमका कापून, कडांखाली घाण शिरणार नाही असा बसवा. दोन-तीन महिन्यांत त्यावर गुलाबी कोरलाइन शेवाळ चढतं. दर आठवड्याला प्रवाह जिथे गाळ आणून टाकतो तो एकच कोपरा सायफनने उपसा. वाळूवर जगणारे गोबी, नासारियस गोगलगायी आणि रात्री वाळूत झोपणारे रास या टाकीत घेऊ नका.